न झालेल्या सामन्याची नोंद

२० जानेवारी २०२२, गुरुवार. संध्याकाळी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांच्या महिला फुटबॉल संघांमध्ये आशियाई चषक स्पर्धेचा सामना झाला. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा जणी मैदानात उतरल्या, पंचांनी शिटी वाजवली, नव्वद मिनिटे आणि वरची काही मिनिटे खेळ झाला आणि एकही गोल न होता सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ‘भारत ०, इराण ०’ असे छापून आले. तीन दिवसांनंतर, रविवारी, आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमावलीनुसार हा सामना रद्दबातल ठरला. आज त्या स्पर्धेच्या अ गटाचा तक्ता उघडून पाहिला तर त्यात चीन, चिनी तैपेई आणि इराण या तीनच संघांचे गुण दिसतात. इराणच्या नावापुढे शून्य गुण आहेत. भारताच्या नावापुढे माघारीचा उल्लेख आहे.

आमच्यासमोर हा विषय आला तो वर्गातून. त्या आठवड्यात महासाथीमुळे महाविद्यालये पुन्हा बंद होती आणि मुरगूड परिसरातल्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही मोबाइलच्या पडद्यावरून शिकवत होतो. विषय होता पाठचिकित्सा. हस्तलिखितांतील क्षेपक ओव्या कशा ओळखतात, संपादक त्या कोणत्या अधिकाराने गाळतो, याची चर्चा चालू असताना एका मुलीने मधूनच विचारले, “सर, परवा भारताची मॅच झालीय न्हवं? मग आता ती झालीच न्हाई म्हणत्यात, ते कसं काय?” प्रश्न विषयाला सोडून आहे असे त्या क्षणी आम्हांला वाटले. आम्ही काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. मात्र तास संपल्यावर लक्षात आले की त्या दिवशीच्या विषयाला धरून असलेला प्रश्न तेवढा एकच होता.

आधी घटना नीट सांगितली पाहिजे. ही स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महाराष्ट्रात झाली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याजवळ बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल ही तिची तीन मैदाने. सुरुवातीला अहमदाबाद आणि भुवनेश्वर यांचीही नावे होती. परंतु संघांचा प्रवास कमी व्हावा आणि सर्वांना संसर्गापासून सुरक्षित अशा एका कड्यात ठेवता यावे, म्हणून सगळे सामने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आणले गेले. बारा संघ होते. या स्पर्धेतूनच २०२३ च्या विश्वचषकाचे आशियाई संघ ठरणार होते. म्हणजे यजमान भारतासमोर विश्वचषकाचे दार, निदान किलकिले, उघडे होते.

२३ जानेवारीला भारताची गाठ चिनी तैपेईशी पडायची होती. सामन्याआधीच्या चाचण्यांत भारतीय चमूतील बारा खेळाडू बाधित निघाल्या. आणखी काहीजणी दुखापतीने बाहेर होत्या. नियमानुसार सामन्यासाठी किमान तेरा खेळाडूंची नावे द्यावी लागतात. तेवढ्या उरल्या नाहीत. महासाथीच्या काळासाठी केलेल्या विशेष नियमांनुसार असा संघ ‘स्पर्धेतून माघार घेतलेला’ मानला जातो, आणि स्पर्धेच्या मूळ नियमावलीत असे कलम आहे की माघार घेतलेल्या संघाचे आधीचे सर्व सामने रद्द समजावेत. प्रशिक्षक टॉमस डेनर्बी यांनी संघाच्या मुक्कामाच्या हॉटेलातील कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांच्या व्यवस्थेवर जाहीरपणे बोट ठेवले. त्याची बरीच चर्चा झाली, पण निकालात फरक पडला नाही.

या कलमामागे काहीच तर्क नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गटात चार संघ असताना एक संघ मधूनच गेला, तर ज्याने त्याच्याशी सामना खेळला त्याच्या पदरी गुण, आणि ज्याचा सामना राहिला त्याच्या पदरी काहीच नाही, अशी विषमता उरते. इतर तिघांचा हिशेब समान करायचा तर चौथ्याचे सगळे पुसायला हवे. हिशेबनिसाच्या दृष्टीने हे चोख आहे. अडचण अशी की इतिहासाचे काम हिशेबनिसाच्या वहीने पुरत नाही. इराणचा संघ या स्पर्धेत प्रथमच खेळत होता. पहिल्याच सामन्यात, यजमानांच्या मैदानावर, त्यांनी एक गुण मिळवला. तो त्यांच्या देशाच्या महिला संघाचा या स्पर्धेतील पहिला गुण. भारताची माघार त्यांच्या हातची गोष्ट नव्हती, तरी तो गुण त्यांच्याकडून काढून घेतला गेला. पुढे चीनने त्यांना सात आणि तैपेईने पाच गोलांनी हरवले. हे दोन्ही पराभव मात्र नोंदीत शाबूत आहेत.

इराणच्या मुलींना हा अनुभव नवा नव्हता. जून २०११ मध्ये अम्मान येथे ऑलिंपिक पात्रता फेरीत जॉर्डनशी सामना खेळण्यासाठी त्या मैदानापर्यंत आल्या होत्या. डोक्यावरचे वस्त्र नियमाला धरून नाही असे सांगून त्यांना खेळू दिले गेले नाही आणि सामना तीन-शून्य असा जॉर्डनला बहाल झाला. म्हणजे न खेळलेल्या सामन्याला निकाल मिळाला. अकरा वर्षांनी नवी मुंबईत खेळलेल्या सामन्याचा निकाल गेला. डोक्यावरच्या वस्त्राला नियमात कायमची मान्यता २०१४ मध्ये मिळाली. तोवर इराणी खेळाडूंच्या एका पिढीची ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती.

आता थोडे मागे जाऊ. २०२२ ची स्पर्धा अधिकृतपणे ‘विसावी’ म्हणवली गेली. विसावी म्हणजे मोजणी कुठून सुरू केली? १९७५ पासून. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये पहिली स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडने थायलंडला ३-१ असे हरवले. आशियाच्या स्पर्धेत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की त्या वेळी ही स्पर्धा आशियाई फुटबॉल महासंघाची नव्हतीच. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई महिला फुटबॉल महासंघ नावाच्या स्वतंत्र संघटनेने ती भरवली होती. पुरुषांच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या महासंघांना स्त्रियांच्या खेळाशी कर्तव्य नव्हते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तर १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली होती आणि ती बंदी जवळजवळ अर्धशतक टिकली. अशा काळात आशियातल्या काही शहरांतील स्त्रियांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी वेगळी चूल मांडली. जे येतील त्यांना घेऊन त्यांनी स्पर्धा भरवली.

या वेगळ्या चुलीचा एक परिणाम मोठा लक्षणीय आहे. १९७४ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने चीनच्या जनता प्रजासत्ताकाला प्रवेश दिला आणि तैवानला बाहेरची वाट दाखवली. महिलांच्या संघटनेत मात्र तैवानला जागा राहिली. १९७७ ची स्पर्धा तैपेईत झाली आणि ‘चीनचे प्रजासत्ताक’ या नावाने खेळणाऱ्या तैवाननेच ती जिंकली. १९८१ मध्ये हाच संघ ‘चिनी तैपेई’ या नावाने पुन्हा विजेता झाला. मुली बहुधा त्याच, झेंड्याखालचे नाव तेवढे निराळे. चीनचा संघ या स्पर्धेत आला तो १९८६ मध्ये, आणि आला तोच जिंकण्यासाठी. तेव्हापासून १९९९ पर्यंत ओळीने सात वेळा त्याने हा चषक नेला. महिलांची संघटना पुढे आशियाई महासंघात विलीन झाली. त्यानंतर तिने भरवलेल्या जुन्या स्पर्धाही महासंघाच्या यादीत सामील केल्या गेल्या. ज्या स्पर्धांकडे त्या होत असताना अधिकृत संस्थेने पाठ फिरवली होती, त्या पुढे तिच्याच इतिहासाची पहिली पाने झाल्या.

आमच्या वर्गातल्या प्रश्नाची खरी गुंतागुंत येथे आहे. एकीकडे अनधिकृत असलेले मागाहून अधिकृत होते, दुसरीकडे अधिकृत असलेले तीन दिवसांत रद्द होते. दोन्ही वेळा मैदानावर घडलेली गोष्ट तसूभरही बदललेली नसते.

या पहिल्या पर्वात भारत कुठे होता? १९७५ मध्येच भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला, तोही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या बाहेर, आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढची गोष्ट आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल. आशियाई स्पर्धेचे तिसरे आयोजन भारतात, केरळमधील कालिकतला झाले. कुठे तिचे वर्ष १९७९ असे मांडलेले दिसते, कुठे १९८०. एवढ्या मोठ्या स्पर्धेच्या वर्षाबाबतही कागदांचे एकमत नाही. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले होते, एक दक्षिणेचा आणि एक उत्तरेचा. त्यातला दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तेथे तैवानकडून दोन गोलांनी हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये थायलंडमध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि यजमानांकडून तीन गोलांनी हरला. पाच वर्षांत दोनदा उपविजेता आणि एकदा तिसरा. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आमच्या शेजारच्या गोव्यातून योलांडा डिसोझा त्या काळात भारतासाठी खेळल्या. आमच्यापैकी जे त्या वर्षांत शाळेत होते त्यांना गावसकरांच्या शतकांची यादी पाठ होती. या मुलींपैकी एकीचेही नाव आम्ही ऐकलेले नव्हते.

कालिकतच्या अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी म्हणजे तैवान, अर्थात आजचे चिनी तैपेई. २३ जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईत जो सामना होऊच शकला नाही, त्यातला प्रतिस्पर्धीही तोच. मधल्या चार दशकांत काय झाले, याचे उत्तर दोन ओळींत देता येईल आणि ते देताना संकोच वाटतो. १९८३ नंतर १९९३ पर्यंतच्या स्पर्धांत भारत दिसत नाही. नव्वदीच्या दशकात महिलांचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे गेला आणि १९९५ पासून २००३ पर्यंत भारत पुन्हा स्पर्धेत उतरला, पण गटसाखळीपुरताच. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने भारताला सोळा गोलांनी हरवले. २००३ नंतर पात्रताही हुकत गेली. एकोणीस वर्षांनी २०२२ मध्ये भारत पुन्हा या स्पर्धेत आला, तो यजमानपदामुळे.

वेगळी चूल असताना आपण अंतिम सामना खेळत होतो आणि मोठ्या घरात गेल्यावर आपली पत्रावळही उचलली गेली, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. ऐंशीच्या सुरुवातीला स्पर्धेतले संघ थोडे होते आणि चीन, जपान, कोरिया यांनी स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये पैसा आणि शिस्त ओतायला अजून सुरुवात व्हायची होती. त्यांनी ती केली, आपण केली नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. स्वतंत्र संघटनेला निदान दुसरे काही काम नव्हते. मोठ्या महासंघाच्या टेबलावर महिलांचा विषय नेहमी बैठकीच्या शेवटी येतो आणि तोवर चहा आलेला असतो. हा अनुभव फुटबॉलपुरता आहे असे विद्यापीठीय अभ्यासमंडळांवर बसलेला कोणीही म्हणणार नाही.

आता आमच्या विषयाकडे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मध्यंतरीच्या तीन शतकांत पाठांत भर पडली होती, अपपाठ शिरले होते. त्यांनी ते काढले आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असे बजावले. या संपादनावर आपण सगळे कृतज्ञतेने बोलतो. पण ज्या ओव्या गळल्या त्या कोणीतरी रचल्या होत्या, कोणीतरी म्हटल्या होत्या, कोणाच्या तरी पाठांतरात होत्या. त्या ज्ञानेश्वरांच्या नव्हत्या एवढेच सिद्ध होते. त्या नव्हत्या असे सिद्ध होत नाही. चांगला संपादक म्हणूनच गाळलेला पाठ तळटीपेत ठेवतो. मूळ संहितेत त्याला जागा नसते, ग्रंथात असते. महासंघाच्या तक्त्याला तळटीप परवडत नाही, कारण त्याला फक्त पुढच्या फेरीत कोण जाणार हे ठरवायचे असते. ती तळटीप देणे हे इतिहास लिहिणाऱ्याचे काम आहे, आणि मराठीत तो अद्याप पुढे आलेला नाही.

राजवाड्यांनी आपल्याला अस्सल कागद शोधायला शिकवले. बखरीतल्या रसाळ हकिगतींवर विसंबू नये, दप्तर पाहावे, पत्र पाहावे, हा त्यांचा आग्रह. तो आम्ही वर्गात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. या प्रकरणात मात्र अस्सल कागदच सांगतो की सामना झाला नाही, आणि त्या संध्याकाळी दूरदर्शन संच किंवा मोबाइल लावून बसलेली कुठलीही शाळकरी मुलगी सांगेल की झाला. येथे बखर खरी आणि दप्तर खोटे. खोटे म्हणण्यापेक्षा दप्तर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत आहे असे म्हणावे, आणि राजवाड्यांनाही कागद वाचताना हाच प्रश्न आधी विचारावा लागत असणार, की हा कशासाठी लिहिला गेला.

भारत गेल्यानंतरही स्पर्धा आपल्याच राज्यात चालू राहिली, हे सांगायला हवे, कारण तेव्हा आम्हीही तिकडे पाठ फिरवली होती. आपला संघ नाही म्हटल्यावर आपले काय, ही सर्वसामान्य वृत्ती. आम्ही तिला अपवाद नव्हतो. त्यामुळे बालेवाडीत काय घडले ते आम्ही नंतर, उताऱ्यांतून आणि चित्रफितींतून पाहिले. त्याआधी मुंबईत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर अठरा गोल केले होते. त्याच ऑस्ट्रेलियाला उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने एका गोलाने घरी पाठवले. फिलिपिन्सच्या संघाने चिनी तैपेईला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि त्या देशाने इतिहासात प्रथमच विश्वचषक गाठला. त्यांची गोलरक्षिका ऑलिव्हिया मॅक्डॅनियल हिने पेनल्टी अडवलीही आणि स्वतः मारलीही. व्हिएतनामही याच स्पर्धेतून पहिल्यांदा विश्वचषकाला गेला. उपांत्य सामन्यात चीनने जपानशी जादा वेळ संपता संपता २-२ अशी बरोबरी केली आणि शूटआउटमध्ये बाजी मारली. आधीच्या दोन्ही स्पर्धा जिंकलेला जपान पुण्यात हरला. दोन देशांच्या महिला फुटबॉलचा इतिहास महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला आणि महाराष्ट्राला त्याचा पत्ता नव्हता.

अंतिम सामना ६ फेब्रुवारीला, रविवारी, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मध्यंतराला दक्षिण कोरिया दोन गोलांनी पुढे होता. उत्तरार्धात चीनने चार-पाच मिनिटांच्या अंतराने दोन गोल फेडले आणि जादा मिनिटांत शिआओ युयी हिने तिसरा केला. ३-२. चीनचा हा नववा चषक, सोळा वर्षांनी मिळालेला. प्रशिक्षक शुई छिंगशिया स्वतः १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील रौप्यविजेत्या संघात खेळलेल्या. त्या दिवशी सकाळी मुंबईत लता मंगेशकर गेल्या होत्या. सायंकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होत असताना सारा महाराष्ट्र दूरचित्रवाणीसमोर होता, आम्हीही होतो. खाडीपलीकडे त्याच सायंकाळी आशियाची विजेती ठरत होती याचे भान कोणाला असणार? दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांना यात दोष देता येत नाही. मात्र आधीच्या सतरा दिवसांचे काय, हा प्रश्न विचारता येतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाने तो विचारला तर त्याला थोडा अधिक अधिकार आहे असे आम्हांला वाटते. महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारी गावे बोटांवर मोजण्याइतकी, त्यांत कोल्हापूर अग्रभागी. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ भिडतात तेव्हा अर्धे शहर गॅलरीत आणि अर्धे घराच्या गच्चीवर असते. ज्या मैदानावर तो रद्द ठरलेला सामना झाला, त्याला ज्यांचे नाव आहे ते डी. वाय. पाटीलही मूळचे याच जिल्ह्यातले. तरी कोल्हापुरी फुटबॉलची मुळे ‘तालीम’ या संस्थेत आहेत हे विसरून चालणार नाही. तालीम म्हणजे लाल माती, लंगोट, हनुमंताची तसबीर आणि पेठेतल्या तरण्या पोरांचा अड्डा. तेथून जो खेळ मैदानावर आला तो पेठेची ईर्षा घेऊन आला. पेठेतल्या मुली त्याच्या प्रेक्षकही क्वचितच झाल्या. त्यांना बाहेर ठेवण्यासाठी कोणाला १९२१ सारखा ठराव करावा लागला नाही. उंबरठा पुरेसा होता.

तो उंबरठा अलीकडे झिजू लागला आहे. कोल्हापूर सिटी या नावाचा महिला संघ २०१९-२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये, बेंगळुरूत, देशभरातल्या क्लबांशी खेळला. आमच्या शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळ या लहानशा गावातून आलेल्या अंजू तुरंबेकर प्रशिक्षणातील आशियाई महासंघाचा ‘ए’ परवाना मिळवून राष्ट्रीय महासंघात तळागाळातील फुटबॉलच्या प्रमुख झाल्या. गडहिंग्लजला फुटबॉलची परंपरा जुनी आहे, त्यामुळे हे अगदीच आभाळातून पडलेले नाही. आमचे मुरगूड मात्र कुस्तीचे गाव. वेदगंगेच्या काठचा हा कागल तालुक्यातला परिसर मल्लांसाठी ओळखला जातो, आणि येथल्या कुस्ती संकुलात गेली काही वर्षे मुली सराव करतात, राष्ट्रीय पातळीवर पदकेही आणतात. ज्या मातीला स्त्रीचा स्पर्श वर्ज्य मानला जात होता तिने मुलींना फुटबॉलच्या आधी सामावून घेतले. हे विपरीत वाटते, पण त्याचे कारण साधे असावे: कुस्तीला दोघी पुरतात. फुटबॉलला गावातून अकरा घरे राजी व्हावी लागतात, राखीव खेळाडू धरले तर अधिक.

तेरा ही संख्या आमच्या डोक्यात तेव्हापासून बसली आहे. नवी मुंबईत तेरा जणी उभ्या राहू शकल्या नाहीत, त्याला कारण विषाणू होता. गावोगावच्या शाळांत तेरा जणी उभ्या राहत नाहीत त्याला कारणे निराळी आहेत: शेवटची एस.टी., नववीनंतर बदलणारा पोशाख, मैदानाच्या कडेला बसणारी टोळकी, आणि दहावीच्या वर्षाआधी ‘आता पुरे’ म्हणणारे घर. २०२२ च्या भारतीय चमूतील तेवीस जणींत मणिपूरच्या अनेक होत्या, तमिळनाडूच्या होत्या, हरयाणा, ओडिशा, झारखंडच्या होत्या. स्पर्धेची तिन्ही मैदाने महाराष्ट्रातली, चमूत एकही मराठी नाव नाही. याबद्दल त्या वेळी कोणी खंत केल्याचे आमच्या वाचनात नाही.

जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे भारताने मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक यांना हरवले आणि शेवटी यजमान थायलंडला २-१ असे नमवून ऑस्ट्रेलियातील २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले. दोन्ही गोल संगीता बासफोर यांचे. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ, असे सर्वत्र लिहिले गेले आणि ते खरे आहे. थायलंड म्हणजे १९८३ च्या अंतिम सामन्यात ज्याच्याकडून आपण हरलो तो संघ. हा दुवा मात्र कुठे दिसला नाही.

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती पदवी घेऊन आता एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मध्यंतरी ती महाविद्यालयात कागदपत्रांसाठी आली होती. तिला आम्ही या लेखाबद्दल सांगितले तेव्हा कळले की शाळेत असताना ती तालुक्याच्या स्पर्धेत एकदा फुटबॉल खेळली होती. समोरच्या शाळेच्या मुली कमी आल्या म्हणून तो सामना मध्यंतरानंतर थांबवला गेला आणि यादीत ‘पुढे चाल’ एवढेच लिहिले गेले. तोवर तिने एक गोल केला होता. कोणत्या पायाने, हे आम्ही विचारले. “डाव्या,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “पाऊस होता, सर. बॉल जड झालता.”